सतरा सेंटिमीटरची बीटल

फोक्सवॅगन बीटलच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २४०० मिलिमीटर अंतर असतं. १:२४ च्या किटमध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढं प्लॅस्टिकचं मॉडेल सुट्या भागांतून जोडायच्या संचात, त्याला चोवीसने भागायचं, म्हणजे बरोबर दहा सेंटिमीटर. खोकं उघडल्यावर मी आधी पट्टी काढली आणि चॅसिसवर तेच मोजलं. बरोबर भरलं! त्या आनंदात 'दोन शनिवार-रविवारांत उरकते' असं घरात जाहीर करून टाकलं. गाडी पूर्ण व्हायला साडेचार महिने लागले.

किट १९६६ सालच्या १३०० इंजिनवाल्या बीटलचं होतं. बीटल कुणालाही ओळखता येते, साल मात्र ओळखता येत नाही, कारण वरचा घाट वर्षानुवर्षं तोच. १९६६ ची खूण चाकांत आहे. रिमवर गोलाकार खाचा आणि मधोमध चपटे व्हीलकप. शिवाय मागच्या झाकणावर '१३००' चा बिल्ला. हे मला आधी ठाऊक नव्हतं. त्या खाचांत काळा रंग सोडताना कळलं.

सुरुवात कंटाळवाणी असते. सगळे भाग भांड्यांच्या साबणाने धुवायचे, कारण साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर रंग धरत नाही. मग कटरने भाग सुटे करायचे, तेही दोनदा कापून: आधी लांबून, मग जवळून. एकाच फटक्यात जवळून कापलं की प्लॅस्टिक पांढरं पडतं, नाहीतर टवका निघतो. इथपर्यंत मी शहाण्यासारखी वागले.

खरी गंमत बॉडीपासून सुरू झाली. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे एक बारीक रेघ उठते, आणि बीटलमध्ये ती नेमकी मडगार्डच्या फुगीर भागावरून जाते. कानस लावली तर रेघ जाते, पण तिथे सपाट पट्टा तयार होतो आणि गोलाई गेली की ती बीटल राहत नाही. म्हणून स्पंजच्या तुकड्याला ६०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून, गोलाईच्या कलाने फिरवत बसले. चार मडगार्डना दोन संध्याकाळी गेल्या.

त्याच वेळी मडगार्ड आणि बॉडी यांच्यातली फट सुईने खोल करून घेतली. खऱ्या गाडीत मडगार्ड बोल्टने बसवलेला असतो आणि मध्ये बीडिंगची पट्टी असते. ती फट प्लॅस्टिकमध्ये उथळ असते आणि रंग ती बुजवून टाकतो. यातला हिशोब मला फार उशिरा सुचला: मॉडेलवर रंगाचा थर ०.१ मिलिमीटर चढला, तर खऱ्या गाडीच्या मापात तो २.४ मिलिमीटर होतो. एवढा रंग रस्त्यावरच्या गाडीवर लिंपला तर ती आईसिंगचा केक दिसेल.

पहिल्या प्रयत्नात माझी बीटल तशीच दिसली. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, छान बसला होता, त्यामुळे आत्मविश्वास वाढला होता. निळ्या रंगाचा पहिला हात कोरडा बसला, संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत. तो लपवायला दुसरा हात सढळ मारला. पाच मिनिटं आरशासारखी चमक होती. मग डाव्या दरवाजाच्या खालच्या कडेला एक ओघळ जमायला लागला, मी बघत असतानाच. चार तासांनी वाटलं, सुकला असेल. अंगठा टेकवून बघितला. सुकला नव्हता. छपरावर अंगठ्याचा ठसा असा उमटला की आधारकार्डालाही चालला असता.

रंग ॲक्रिलिक होता म्हणून वाचले. झाकणाच्या डब्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतून बॉडी दोन दिवस बुडवून ठेवली आणि जुन्या टूथब्रशने सगळं खरवडून काढलं. खिडकी सताड उघडी, तोंडाला वाफांचा मास्क. रंग मारतानाही हेच. यात आळस करू नये, डोकं दुखायला लागतं तोवर उशीर झालेला असतो.

दुसऱ्या वेळी रंग दुधाइतका पातळ केला. एअरब्रशची, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाची, सुई ०.३ मिलिमीटरची, दाब दीड बारच्या आत. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करायचा आणि गाडी ओलांडल्यावरच बंद करायचा. पहिला हात फक्त धुक्यासारखा, खालचा प्रायमर दिसत राहील एवढाच. असे तीन हात. आणि सुकला का हे बघायला बोट नाही, नाक वापरायचं. बॉडी नाकाशी धरली आणि रंगाचा वास आला, तर आतला द्रावक अजून उडतोय, परत ठेवून द्यायची. मी आठ दिवस रोज सकाळी गाडी हुंगत होते. घरच्यांनी विचारणं सोडून दिलं.

त्यावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक चकचकीत थर, मग २००० आणि ३००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून घासणं, शेवटी पॉलिश कंपाउंड. पुढच्या बॉनेटच्या मधल्या उठावावर एकदा जास्त घासलं गेलं आणि राखाडी प्रायमर डोकावला. बारीक ब्रशने झाकलाय. बाकी कुणाला दिसत नाही म्हणतात, मला मात्र आधी तेच दिसतं.

खिडक्यांच्या कडांना आणि दाराखालच्या पट्ट्यांना चंदेरी रंग मी लावला नाही. हाताने लावलेला चंदेरी रंग क्रोमसारखा दिसत नाही, भांड्याला कल्हई केल्यासारखा दिसतो. त्यासाठी अतिशय पातळ, मागे गोंद असलेली धातूची फॉइल मिळते. पट्टी कापायची, उठावावर ठेवायची, कानात घालायच्या कापसाच्या काडीने दाबत जायचं आणि उठावाच्या दोन्ही कडांनी ब्लेड फिरवायचं. ब्लेड कोरं करकरीत हवं. जरा बोथट असलं तर ते फॉइल कापत नाही, ओढतं, आणि पाच सेंटिमीटरची पट्टी एका टोकापासून सुरकुतत येते. जोर दिला तर खालचा रंगही कापला जातो. एका बाजूला तीन ब्लेडं लागली.

आणि इंजिन! खरं तर हे किट मी त्याच्यासाठीच घेतलं होतं. बीटलचं इंजिन मागे, हवेने थंड होणारं, दोन-दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे. रेडिएटर नाहीच. मधोमध पंख्याचं मोठं काळं आवरण, त्याच्यापुढे जनरेटर आणि खाली उतरणारा पट्टा. किटमध्ये हे सगळं होतं, पण एकही वायर नव्हती, आणि वायरीशिवाय इंजिन दुकानातल्या नमुन्यासारखं दिसतं.

खऱ्या गाडीत ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगची वायर साधारण ७ मिलिमीटर जाड असते, म्हणजे इथे ०.३ ची हवी. बंद पडलेल्या इअरफोनमधली तांब्याची तार बरोबर तेवढी निघाली. डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाचं, टोपण जेमतेम अडीच मिलिमीटरचं. त्यात पाच भोकं पाडायची: चार कडेने प्लगसाठी, एक मध्ये कॉइलच्या वायरसाठी. हाताने फिरवायच्या ड्रिलची ०.३ ची तीन टोकं मोडली. त्यातलं एक टोपणातच मोडलं, ते अजून तिथेच आहे आणि त्या भोकाची वायर शेजारी चिकटवलेली आहे. तार आधी रंगवली तर वाकवताना रंगाचे पापुद्रे निघतात, म्हणून आधी वाकवली, चिकटवली, मग ब्रशच्या टोकाने काळी केली.

चारही वायरी लागल्या, सुकल्या, आणि रात्री एका जुन्या इंजिनाचा फोटो बघताना लक्षात आलं की टोपणावर मी १-२-३-४ असे ओळीने प्लग जोडलेत. या इंजिनात ठिणगीचा क्रम १-४-३-२ आहे. वायरी खाली पत्र्याच्या आवरणात शिरतात आणि प्लग दिसतही नाहीत, तरी मी दुसऱ्या दिवशी २ आणि ४ च्या तारा उपटून अदलाबदल केली. का, ते विचारू नका. रात्री झोप लागली नसती.

काचा बसवताना मात्र मी कुठलाही पराक्रम केला नाही. सुपरग्लूच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढुरकी धुरी बसते, म्हणून सरळ शाळेतला पांढरा फेव्हिकॉल वापरला. एक वायपर चिमट्यातून उडाला. टॉर्च जमिनीला टेकवून, सावल्या बघत तासभर शोधला. तो माझ्याच बाहीवर होता.

गाडी कपाटात ठेवली त्याच दिवशी सात वर्षांचा भाचा आला. मागचं झाकण उघडून त्याने बराच वेळ आत बघितलं. मी क्रमाचं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने गाडी उलटी केली.

"मावशी, सेल कुठे घालायचे?"

खऱ्या बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली असते, असं मी त्याला सांगितलं. त्याने दारातून डोळा लावला आणि सीट उचलून दाखव म्हणाला. बॅटरी मी केलेलीच नाही, आणि सीट आता पक्की चिकटली आहे.