ईस्टमध्ये यंदा कोण? एका पेसर्सवालीचा अंदाज (ऑक्टोबर २०२५)

अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉल लीगमधल्या इंडियाना पेसर्सचा मुख्य खेळाडू टायरीस हॅलिबर्टन या सीझनला (२०२५-२६) एकही मॅच खेळणार नाही. पेसर्सचा कारभार पाहणाऱ्या केविन प्रिचर्डने जुलैतच ते जाहीर करून टाकलं, आणि फार बरं केलं. फायनलच्या सातव्या मॅचला, पहिल्याच क्वार्टरमध्ये, तो उजव्या पायावर जोर देऊन पुढे निघाला आणि पडला. पडल्या पडल्या हाताने फ्लोअर बडवायला लागला. आपल्याकडे २३ जूनची पहाट होती. रिप्ले दाखवायच्या आधीच मी आईला म्हटलं, "अकिलीस गेला." मी फिजिओथेरपिस्ट आहे, ती हालचाल मला लांबूनही ओळखू येते. पाऊल मागे टाकलेलं, टाच खाली गेलेली, गुडघा सरळ होत असताना त्याच पायाने पुढे झेप. पोटरीचा स्नायू जोर लावत असतो आणि त्याच क्षणी ताणलाही जात असतो. टाचेमागचा टेंडन तुटतो तो तिथे. २०१९ च्या फायनलमध्ये ड्युरंटचा असाच तुटला होता. यंदा मे महिन्यात टेटमचाही असाच.

ईस्टचा, म्हणजे लीगच्या पूर्वेकडच्या अर्ध्या टीम्सचा, अंदाज बांधायचा तर इथूनच सुरुवात करावी लागते. एप्रिलमध्ये मिलवॉकीचा लिलार्ड, १२ मे रोजी बॉस्टनचा टेटम, २२ जूनला आमचा हॅलिबर्टन. तिघेही ईस्टचे, तिघांचेही प्लेऑफमध्ये अकिलीस गेले, आणि तिघांच्याही पाठीवर नंबर शून्य. पेसर्सच्या वाट्याला तर त्याआधीच दोन आले होते. सीझनच्या पहिल्याच मॅचमध्ये जेम्स वाइझमन, आणि मग काही दिवसांतच आयझाया जॅक्सन. दोघेही सेंटर.

सगळीकडे जे अंदाज येतायत त्यांत कोणाकडे किती स्टार यावरून क्रम लावलेला दिसतो. मला तो क्रम पटत नाही. ईस्टमधून फायनलला जाईल ती टीम, जिचे मुख्य पाच जण मे महिन्यात धडधाकट उभे असतील. त्यासाठी ऑक्टोबरपासून मिनिटं आठ-नऊ-दहा जणांत वाटावी लागतात. गेल्या वर्षी आम्ही हेच केलं. आमच्या कोच कार्लाइलने दहा-दहा जण खेळवले, पूर्ण कोर्टभर प्रेस केला, म्हणजे समोरच्यांना सगळीकडे दाटून धरलं, आणि समोरच्यांची दमछाक चौथ्या क्वार्टरमध्ये दिसायची.

क्लीव्हलंडपासून सुरू करते, कारण कागदावर तीच सर्वांत भक्कम टीम आहे. गेल्या सीझनला ६४ विजय, सुरुवातीलाच सलग १५. केनी अॅटकिन्सन कोच ऑफ द इयर, इव्हन मोबली सर्वोत्तम डिफेंडर. आणि तरी दुसऱ्या फेरीत आम्ही त्यांना ४-१ ने हरवलं. त्यातल्या चौथ्या मॅचचा हाफ टाइमचा स्कोअर मला अजून तोंडपाठ आहे, ८०-३९. पण पेसर्सवाली असूनही सांगते, ती सीरिज धड क्लीव्हलंडविरुद्ध झालीच नाही. गारलंडचा पायाचा अंगठा दुखावलेला, मोबलीचा घोटा, हंटरच्या हाताचा अंगठा, आणि चौथ्या मॅचमध्ये खुद्द त्यांच्या मुख्य स्टारचा, डोनोव्हन मिचेलचाही घोटा गेला. दुसऱ्या मॅचला मिचेलने एकट्याने ४८ काढले तरी हॅलिबर्टनने १.१ सेकंद उरले असताना थ्री (तीन पॉइंटचा लांबचा शॉट) मारून ती मॅच नेली.

यंदाही सुरुवात तशीच आहे. गारलंडच्या त्याच अंगठ्याची जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली, मॅक्स स्ट्रसच्या पावलाची ऑगस्टमध्ये. दोघेही सुरुवातीला नाहीत. पायाच्या अंगठ्याला लोक हलकं लेखतात, पण गार्डची प्रत्येक पहिली ढांग तिथूनच सुटते. अंगठा मागे वाकला नाही की भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर जातो, आणि मग घोटा, पोटरी, गुडघा असं दुखणं वर सरकत जातं. आमच्याकडे येणाऱ्या धावपटूंमध्ये मी हे सारखं बघते. त्यात त्यांनी ओकोरो देऊन लोन्झो बॉल आणलाय. हा मुलगा मला मनापासून आवडतो. गुडघ्यात कूर्चेचं प्रत्यारोपण करून, अडीच वर्षांहून जास्त बाहेर राहून परत आलेला खेळाडू मला दुसरा माहीत नाही. पण अशा गुडघ्यावर ८२ मॅचचा हिशोब मांडता येत नाही. वर पगाराची अडचण आहेच. क्लीव्हलंड २० कोटी ७८ लाख डॉलरच्या त्या वरच्या रेषेपलीकडे आहे, जिला सेकंड एप्रन म्हणतात. रेषेपलीकडच्या टीमला ट्रेडमध्ये दोघांचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. फेब्रुवारीत भगदाड पडलं तर बुजवायचं कशाने? म्हणून माझा अंदाज असा की साध्या सीझनमध्ये (प्लेऑफच्या आधीच्या ८२ मॅचमध्ये) क्लीव्हलंड पहिलं किंवा दुसरं येईल. मिचेल मात्र आजवर एकदाही कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे ईस्टच्या किंवा वेस्टच्या अंतिम सीरिजला, पोचलेला नाही, आणि यंदा पोचलाच तर गारलंड पूर्ण बरा झाला असेल म्हणूनच.

आता न्यूयॉर्क निक्स. माझा दादा जर्सी सिटीला असतो आणि तो कडवा निक्सवाला झालाय. पेसर्सच्या रेजी मिलरने १९९५ मध्ये ९ सेकंदांच्या आत ८ पॉइंट काढले ती निक्सच्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली मॅच मी त्याला आठवण करून देते, आणि तो फोन ठेवतो. मे महिन्यात कॉन्फरन्स फायनलला निक्सविरुद्धची आमची पहिली मॅचही तसलीच होती. तीन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना निक्स १४ ने पुढे. मग आमच्या नेस्मिथने थ्रीमागून थ्री घातले, आणि शेवटी हॅलिबर्टनचा तो शॉट रिंगवर आपटून सरळ वर उडाला आणि आत पडला. ओव्हरटाइमला १३८-१३५. सीरिज ४-२.

त्यानंतर निक्सने टॉम थिबोडोला काढलं. २००० नंतर पहिल्यांदा कॉन्फरन्स फायनलला नेणाऱ्या कोचला! दादा दोन दिवस धुमसत होता. "अगं, पंचवीस वर्षांनी कुणीतरी इथवर आणलं, आणि त्यालाच नारळ दिला?" त्याचं दुःख मला कळतं. थिबोडोने त्या टीमला कणा दिला यात वाद नाही. पण माझं मत तेव्हाही हेच होतं की निर्णय बरोबर आहे. जॉश हार्ट गेल्या सीझनला लीगमध्ये सरासरी सर्वांत जास्त मिनिटं खेळला, मॅचला ३७ च्या वर. ब्रिजेस तर आख्ख्या कारकिर्दीत एकही मॅच चुकवत नाही. ब्रन्सन, अनुनोबी, टाउन्स, कुणालाच विसावा नाही. आमच्या मुलांनी त्यांना पळवलं तेव्हा चौथ्या क्वार्टरमध्ये त्यांचे हात कमरेवर दिसत होते. पोटऱ्या दमल्या की माणूस डिफेन्सला अर्धं पाऊल उशिरा वळतो, आणि पेसर्सला तेवढं पुरत होतं.

नवा कोच माइक ब्राऊन. सॅक्रामेंटोला त्याने २०२३ मध्ये, सलग सोळा सीझन हुकल्यानंतर, प्लेऑफला नेलं, आणि ती टीम पळणारी होती. यंदा बेंचवर जॉर्डन क्लार्कसन आलाय, याबुसेले आलाय. मोठा खेळाडू गेला कोणीच नाही. ब्रन्सन आणि टाउन्स दोघांना एकाच पिक अँड रोलमध्ये (एकाने आडवं उभं राहून दुसऱ्याला वाट करून द्यायची चाल) ओढलं की डिफेन्स फाटतो, हे दुखणं नुसत्या कोच बदलण्याने बरं होणार नाही. तिथे मिचेल रॉबिन्सन किती मॅच उभा राहतो हे महत्त्वाचं, आणि त्याच्या घोट्याचा इतिहास चांगला नाही. तरीसुद्धा ईस्टमधून फायनलला जाण्यासाठी मी निक्सचंच नाव घेते. ब्राऊनने हार्ट आणि ब्रिजेसला बत्तीस-तेहतीस मिनिटांवर आणलं तर ही टीम मे महिन्यात ताजी असेल. १९७३ नंतर त्यांना विजेतेपद मिळालेलं नाही. दादाला हे वाचून आनंद होईल, होऊ दे. मला जे दिसतंय ते मी लिहिणार.

ऑर्लँडोबद्दल मला उत्सुकता आहे. थ्री पॉइंटच्या टक्केवारीत गेल्या वर्षी ते लीगमध्ये तळाला होते, ३२ टक्क्यांच्याही खाली. त्यावर उपाय म्हणून त्यांनी मेम्फिसला फर्स्ट राउंडचे चार पिक (नवे खेळाडू निवडायचे पहिल्या फेरीतले हक्क) देऊन डेस्मंड बेन आणला. किंमत जबर आहे, पण माणूस योग्य आहे. बॅन्करो आणि फ्रान्झ वॅग्नर दोघांचेही गेल्या सीझनला पोटाचे तिरके स्नायू फाटले. एकाच टीममध्ये, एकाच महिन्याच्या आसपास दोघांना तीच इजा, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. सग्जचा गुडघाही बरा व्हायचाय. हे चौघे साठ-साठ मॅच एकत्र खेळले तर ऑर्लँडो तिसरं येईल.

डेट्रॉइटवर मात्र नीट लक्ष ठेवा. १४ विजयांवरून ४४ वर जाणं म्हणजे चेष्टा नाही. केड कनिंगहॅम आता लीगच्या पहिल्या पंधरांत आहे, आणि त्याच्या आजूबाजूची मुलं तरुण आहेत, धसमुसळी आहेत, दमत नाहीत. प्लेऑफमध्ये त्यांनी निक्सला सहा मॅच घाम फोडला होता. अटलांटाने पोरझिंगिस आणि अलेक्झांडर-वॉकर घेऊन चांगली डागडुजी केली आहे. जेलन जॉन्सनचा खांदा नीट राहिला तर पहिल्या सहांत येतील.

मिलवॉकीबद्दल लिहिताना मला त्रास होतो. मायल्स टर्नर तिकडे गेला. २०१५ मध्ये पेसर्सने त्याला घेतलं, दहा सीझन तो आमच्याकडे होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये पेसर्स आणि किंग्स आले होते, भारतातल्या पहिल्या एनबीए मॅच. शुक्रवारची मॅच शाळकरी मुलांसाठी होती, शनिवारची दादाने मला दाखवली. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवेंची किंग्स टीम, म्हणून दादा तिच्या बाजूने ओरडत होता. मी पिवळ्या जर्सीवाल्यांच्या बाजूला गेले ती तिथेच राहिले. १३०-१०६ ने जिंकलो. त्या टीममधले टर्नर आणि टी. जे. मॅकॉनेल एवढे दोघेच आमच्याकडे उरले होते. लक्झरी टॅक्स (टीमचे पगार ठरावीक रेषेपलीकडे गेले की लीगला भरायचा दंड) भरायची तयारी नसल्याने पेसर्स पुरेसे पैसे मोजत नव्हते, आणि मिलवॉकीने लिलार्डला सोडून त्याचे उरलेले ११ कोटींहून जास्त डॉलर पाच वर्षांवर पसरून टर्नरसाठी जागा केली. म्हणजे जो खेळाडू नाही त्याच्यासाठी दरवर्षी सव्वादोन कोटी डॉलर. मिलवॉकीच्या स्टार यानिसच्या शेजारी टर्नर शोभून दिसेल, पण चेंडू चालवणार कोण, हा प्रश्न तसाच आहे. सहावे-सातवे.

बॉस्टनच्या विजेत्या टीममधले हॉलिडे, पोरझिंगिस, हॉरफर्ड, कॉर्नेट, सगळे गेले. जेलन ब्राऊन आणि डेरिक व्हाइट त्यांना लाज राखण्याइतपत जिंकून देतील. खरा प्रश्न टेटम याच सीझनला परत येणार का, हा आहे. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली ही जमेची बाजू. पण माझ्या हातात असतं तर मी नसतं उतरवलं. कोबी ब्रायंट २०१३ मध्ये आठ महिन्यांच्या आत परतला आणि सहा मॅचनंतर त्याच पायाच्या गुडघ्यात फ्रॅक्चर झालं. त्याचं कारण अकिलीसच, असं छातीठोक कुणी म्हणू शकत नाही, पण पोटरीची ताकद पूर्ण आली नसेल तर पायाचा सगळा हिशोब चुकतो. ड्युरंट आख्खा सीझन बसला आणि परत आला तेव्हा मॅचला सरासरी २७ च्या आसपास पॉइंट काढत होता. फिलाडेल्फियाचं सगळं एम्बीडच्या आणि पॉल जॉर्जच्या गुडघ्यांवर आहे, त्यामुळे त्यांना मी प्ले-इनमध्येच (सातव्या ते दहाव्या स्थानावरच्या टीम्सची पात्रता फेरी) धरते. मायामीलाही.

आणि आम्ही? गेल्या वर्षी १० विजय, १५ पराभव अशी सुरुवात करून ५० विजयांवर गेलेली टीम आहे, तिला एकदम मोडीत काढू नका. सियाकम आहे, नेमहार्डला आता रोज पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू चालवणारा, व्हावं लागेल, मॅथ्युरिनला सुरुवातीपासून मिनिटं मिळतील आणि त्याच्या पुढच्या कराराचा निकाल यातूनच लागेल. सेंटरला जे हफ, जॅक्सन आणि वाइझमन. तिघांतले दोघे नुकतेच अकिलीसमधून उठलेले, आणि मला त्यांच्याबद्दल इतर कुणाहीपेक्षा जास्त वाटतं. ३५-३६ विजय, दहावं-अकरावं स्थान, असा माझा अंदाज आहे. हॅलिबर्टन गेला त्याच्या काहीच दिवस आधी प्रिचर्डने २०२६ चा आपलाच फर्स्ट राउंड पिक न्यू ऑर्लिन्सकडून परत मिळवला होता. तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. वाईट सीझन गेलाच तर त्याचं फळ दुसऱ्याच्या ताटात पडणार नाही.

फायनलला आम्हाला हरवणाऱ्या ओक्लाहोमाला वेस्टमध्ये कोण अडवणार, त्यावर वेगळं लिहीन. सीझन २२ ऑक्टोबरच्या पहाटे पाच वाजता सुरू होतोय, म्हणजे पाडव्याला. निक्स-क्लीव्हलंड भाऊबीजेच्या पहाटे साडेचारला. ती बघणार असाल तर पहिल्या हाफमध्ये माइक ब्राऊन किती जणांना उतरवतो आणि हार्ट किती मिनिटं खेळतो ते मोजा. पेसर्सची पहिली मॅच २४ तारखेला पहाटे पाचला, ओक्लाहोमाशीच, इंडियानापोलिसमध्ये.