तुम्ही विचारलंत म्हणून : कपाळ, छाती, दोन खांदे

डबा उघडला की मी उजवा हात कपाळाला लावते, मग छातीला, मग डाव्या खांद्याला आणि शेवटी उजव्या. ओठ हलतात, आवाज निघत नाही. नोकरीच्या इतक्या वर्षांत समोर बसणारी माणसं बदलत गेली, प्रश्न मात्र तोच राहिला, "हे नेमकं काय करता तुम्ही?" कुणी पुढे विचारतं, "आमच्या नमस्कारासारखंच ना?" कुणी विचारतं, "दृष्ट लागू नये म्हणून का?" जेवणाच्या अर्ध्या तासात उत्तर अर्धवटच राहतं, म्हणून आज सवडीने सांगते.

आम्ही वसईचे कॅथलिक. याला आम्ही क्रुसाची खूण म्हणतो. शब्द मोजकेच आहेत : "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, आमेन." पित्याच्या म्हणताना कपाळ, पुत्राच्या म्हणताना छाती, 'पवित्र'ला डावा खांदा, 'आत्म्याच्या'ला उजवा. आणि 'नावाने' म्हणता म्हणता दोन्ही हात जुळतात.

हे शब्द बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातल्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रातल्या, शेवटच्या अध्यायातले, २८व्या. पुनरुत्थित येशू शिष्यांना सांगतो की सगळ्या राष्ट्रांतल्या लोकांना या नावाने बाप्तिस्मा द्या, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती करून घ्या. तिथे मी नेहमी थांबते. नावं तीन घेतली, पण शेवटी 'नावांनी' नाही, 'नावाने' आहे. एकवचन. पवित्र त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव याबद्दल, मोठमोठे ग्रंथ लिहिले गेलेत. माझ्यासारखीला ते या एका प्रत्ययात सापडतं. इंग्रजीत 'नावाने' आधी येतं आणि हात कपाळापाशी असतानाच म्हणून होतं. मराठीत ते शेवटी येतं, हात जुळताना. तिघांना वेगवेगळं आठवायचं आणि मग एका नावात एकत्र आणायचं. आपल्या भाषेने ही जागा फार सुंदर दिली आहे, असं मला मनापासून वाटतं.

म्हणजे तोंडाने त्रैक्य आणि हाताने क्रूस. आमच्या श्रद्धेतल्या दोन सर्वांत मोठ्या गोष्टी चार ठिकाणी हात लावण्यात मावतात. म्हणून दृष्टीचा प्रश्न आला की मला थोडं वाईट वाटतं. संकटात हात आपोआप कपाळाकडे जातो हे खरं आहे, माझाही जातो. पण ती प्रार्थना आहे, उतारा नव्हे.

एका ब्राह्मण मैत्रिणीने एकदा विचारलं होतं, "संध्येत न्यास करतात, मंत्र म्हणत एकेका अंगाला हात लावतात, तसं का?" आतापर्यंतच्या प्रश्नांत हा मला सगळ्यात जवळचा वाटला. शरीरालाही प्रार्थनेत घ्यायचं, हे दोन्हीकडे आहेच. फरक असा की आमच्याकडे ही खूण पहिल्यांदा आपण करत नाही, ती आपल्यावर केली जाते. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू बाळाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढतात, मग आईबाप काढतात, धर्ममातापिता, म्हणजे बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारे, तेही काढतात. बाळाला काही कळत नसतं. पुढे आयुष्यभर आपण स्वतःच्या हाताने करतो ती त्याच खुणेची उजळणी. चर्चमध्ये शिरताना दारातल्या भांड्यातल्या पवित्र पाण्यात बोटं बुडवून खूण करतो तीसुद्धा बाप्तिस्म्याच्या पाण्याची आठवण म्हणूनच. कोविडच्या काळात ती भांडी कोरडी केली होती. चर्च पुन्हा उघडलं त्या दिवशी माझी बोटं सवयीने आत गेली आणि कोरड्या दगडाला लागली. मी खूण केली, पण तो दगडाचा स्पर्श अजून बोटांत आहे.

खूण फार जुनी आहे. इसवी सन २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन लिहितो की घरात येता-जाता, कपडे घालताना, आंघोळीच्या वेळी, जेवायला बसताना, दिवा लावताना, झोपताना आम्ही कपाळावर ही खूण करतो. दिवा लावताना! वाचलं तेव्हा मला आमच्या घरातली तिन्हीसांज आठवली. तेव्हाची खूण छोटी होती, अंगठ्याने कपाळापुरती. मिस्सात, म्हणजे आमच्या चर्चमधल्या मुख्य उपासनेत, शुभवर्तमान वाचण्याआधी कपाळ, ओठ आणि छातीवर आम्ही तीन छोटे क्रूस काढतो, त्यात ती अजून टिकून आहे. वचन डोक्यात राहो, ओठांवर राहो, हृदयात राहो. खांद्यांपर्यंत जाणारी मोठी खूण नंतरची.

आधी डावा खांदा की उजवा, हेही विचारलं जातं, विशेषतः टीव्हीवर रशियातलं चर्च पाहिलेल्यांकडून. ऑर्थोडॉक्स, म्हणजे रशिया-ग्रीसकडच्या जुन्या चर्चचे लोक, उजव्याकडून डावीकडे जातात. बाराव्या शतकाच्या अखेरीस, पुढे पोप झालेले तिसरे इनोसंट लिहितात ते उजव्याकडून डावीकडेच, पण काही जण उलट करतात अशीही त्यांनी नोंद केली आहे. डावीकडून उजवीकडे, म्हणजे दुःखातून वैभवाकडे जायचं म्हणून. आम्ही त्या 'काही जणां'चे वारस. रशियात तर १६५३ साली तिथल्या चर्चचे प्रमुख निकॉन यांनी दोन बोटांऐवजी तीन बोटांनी खूण करा असा हुकूम काढला आणि चर्च दुभंगलं. दोन बोटं न सोडणाऱ्यांनी छळ सोसला. एका बोटासाठी एवढं, असं मला कधी वाटलं नाही. आईने हात धरून शिकवलेली गोष्ट दुसऱ्या कुणी हुकमाने बदलायची म्हटलं तर ती कुठे दुखते, हे समजू शकतं.

सगळे ख्रिस्ती ही खूण करत नाहीत, हेही सांगायला हवं. माझी अहमदनगरकडची मैत्रीण प्रॉटेस्टंट आहे. ती जेवणाआधी डोळे मिटून हात जोडते, बस. गंमत म्हणजे ज्याच्यापासून प्रॉटेस्टंट पंथ सुरू झाले त्या मार्टिन ल्यूथरनेच १५२९च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या पुस्तकात, सकाळ-संध्याकाळ क्रुसाची खूण करायला सांगितलं आहे. पुढे बऱ्याच पंथांनी ती सोडली.

"आम्ही केली तर चालेल का?" माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनाला, म्हणजे मारियामातेच्या खास प्रार्थनेला, सगळ्या धर्मांची माणसं येतात आणि बघून बघून हात फिरवतात. त्यांना कुणी अडवत नाही, अडवूही नये. पण माझं मत विचाराल तर तुमचा नमस्कार पुरेसा आहे, आणि तो तुमचा आहे. खुणेतल्या शब्दांनी माणूस आपण कुणाचे आहोत ते सांगत असतो. ते म्हणायचं असेल तरच म्हणावं.

आणि वसईत वाढलेल्याला क्रूस हा गळ्यातला दागिना राहत नाही. इथलाच गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला खरोखरच्या क्रुसावर मारला गेला. १८६२ साली त्याला संत घोषित केलं. लहानपणी ही कथा ऐकल्यावर कितीतरी दिवस दोन्ही खांद्यांना हात लावताना मला धास्ती वाटायची.

रविवारी मी मुलांना धर्मशिक्षण देते. पहिल्या वर्षाच्या पोरांना खूण शिकवायची तर त्यांच्याकडे तोंड करून उभं राहावं लागतं, आणि ती आरशासारखी नक्कल करतात. म्हणून त्यांच्यापुढे मी डाव्या हाताने उलटी खूण करते, म्हणजे त्यांची सुलटी होते. सुरुवातीला मला ते जमेना. हात अडायचा, जणू दुसऱ्या कुणाचा असावा.

पण सावकाश खूण करायला मला आजीने शिकवलं. लाल लुगड्यातली माझी आजी. तिला अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, बोलणंही बरंचसं गेलं. संध्याकाळच्या जपमाळेआधी तिचा उजवा हात उचलून खूण करून देणं हे माझं काम. मी तेव्हा सातवीत. निर्जीव हात किती जड असतो ते तेव्हा कळलं. मनगट एका हातात, कोपर दुसऱ्या हातात धरायचं. मी घाईत फिरवला की ती मान हलवायची, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. कपाळाला बोटं नीट टेकली पाहिजेत, छातीवर तळवा क्षणभर थांबला पाहिजे. डावा खांदा लांब पडायचा, तिथे पोचताना मी जवळजवळ तिला मिठीच मारलेली असायची. मग उजवा. शब्द मी म्हणायचे. आणि 'नावाने' आलं की तिचा डावा हात मांडीवरून उठायचा आणि मी धरून आणलेल्या उजव्या हाताला येऊन मिळायचा. तो तिचा तीच आणायची. 'आमेन'ही तीच म्हणायची, अगदी स्पष्ट.