सहावा आठवडा: डावा हात

बेळगावकडच्या आमच्या खानापुरात पाऊस लागून राहिलाय. या आठवड्यात भजन दोनदा रद्द झालं, त्यामुळे कीबोर्डला रोज पाऊण तास मिळाला. पेटीवरून (हार्मोनियमवरून) कीबोर्डकडे वळलेल्या मंडळींसाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण आपली अडचण इतरांपेक्षा वेगळी असते.

माझा कीबोर्ड यामाहाचा, पीएसआर-ई 363, 61 पट्ट्यांचा. आत 154 गाणी भरलेली आहेत. पहिले तीन आठवडे मी गाणं लावायची आणि उजव्या हातानं सूर धरायची, भजनात बुवांच्या मागे धरते तसे. कान तयार असला की दोन-तीनदा ऐकून चाल बोटांत उतरते. पण या सगळ्यात डावा हात मांडीवरच. वीस वर्षं त्यानं भाता हलवला, पट्टीला कधी बोट लावलं नाही.

चौथ्या आठवड्यापासून मी उलटं केलं. कीबोर्डमध्ये गाणं शिकवणारी ‘लेसन’ ही सोय असते, तिच्यात डाव्या हाताचा भाग निवडला. तो भाग गाण्यातून गप्प होतो, उजव्या हाताची चाल कीबोर्ड वाजवतो, आणि रिकामी जागा आपण भरायची. तेव्हा या गाण्यांचा खरा उपयोग कळला. साथीला बसलेला, कितीही वेळा म्हणा, न कंटाळता पुन्हा सुरू करणारा माणूस मिळाल्यासारखं झालं.

लेसनच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत फक्त ऐकायचं. टायमिंगमध्ये वेळ सांभाळायची, पट्टी चुकली तरी सूर बरोबरच उमटतो. वेटिंगमध्ये बरोबर पट्टी दाबेपर्यंत गाणं थांबून राहतं. बरेच जण थेट वेटिंगवर जातात. पेटीवाल्यांनी टायमिंगवर जास्त दिवस काढावेत असं माझं ठाम मत झालंय. आपल्याला पट्टी सापडते, अडतं ते दोन हातांच्या वेळेत. आणि गाणं आपल्यासाठी थांबत राहिलं की लय मोडायची सवय लागते. भजनात टाळकरी कुणासाठी थांबत नाहीत.

गाणं घेतलं बेथोवनचं ‘ओड टू जॉय’. 1824 साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजलेल्या त्याच्या नवव्या सिंफनीतली ही चाल. पांढरी एकमध्ये घेतली तर एकही काळी पट्टी लागत नाही:

ग ग म प । प म ग रे । सा सा रे ग । ग– रे रे

आपल्या बोटांना हे अगदी ओळखीचं, बहुतेक सूर शेजारून शेजारी जातात. तिसरी ओळ मात्र नीट बघा:

रे रे ग सा । रे गम ग सा । रे गम ग रे । सा रे प़ ग–

शेवटी मंद्र पंचमावर उतरून एकदम ग वर उडी आहे. आणि हा ग खरं तर चौथ्या ओळीचा पहिला सूर. समेवर, म्हणजे ओळीच्या पहिल्या मात्रेवर, यायचा तो एक मात्रा आधीच येतो आणि समेवर नुसता लांबलेला राहतो. मी चार दिवस तो समेवरच वाजवत होते. मग मोबाईलवर मूळ सिंफनीचा शेवटचा भाग लावला. तिथं ही चाल आधी चेलो आणि डबल बास हळू आवाजात वाजवतात. त्यात तो लवकर आलेला ग ऐकला आणि अंगावर काटा आला. पुढची ओळ मागच्या ओळीच्या दारात येऊन उभी राहते.

मग तेवढेच दोन बार (चार-चार मात्रांचे खंड) ए-बी रिपीटमध्ये टाकले, म्हणजे ए ते बी एवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. रिपीट पूर्ण बारच धरतो, त्यामुळे बटण थोडं मागेपुढे दाबलं गेलं तरी बिघडत नाही. वेग मिनिटाला 60 मात्रांवर आणला. आमच्याकडे पेटी शिकणाऱ्याच्या कानावर बेळगावचे पेटीवादक पंडित रामभाऊ विजापुरे हे नाव पडतंच, आणि बेळगावच्या पेटीवाल्यांची रीतही हीच: एक पलटा (सरावाची सुरावट) बसल्याशिवाय पुढचा नाही.

आता मूळ दुखणं. उजव्या हातानं तो ग घेतला की माझा डावा हात जोरात आपटायचा. कारण भाच्यानं सांगितलं. तो सहावीत आहे, शेजारी बसून बघत होता. म्हणाला, “आत्या, तुझा डावा हात अजून भाता मारालाय बघ.”

अगदी खरं होतं. पेटीत आवाजाचा जोर भात्यातून येतो, पट्टी कशीही दाबा. कीबोर्डवर पट्टीवरचा आघातच जोर ठरवतो. माझं मनगट प्रत्येक मात्रेला भात्यासारखं हलत होतं, आणि कठीण जागा आली की जास्तच.

उपाय साधा केला. डावा हात करंगळी सा वर, अंगठा प वर असा ठेवला आणि हाताच्या पाठीवर रुपयाचं नाणं. नाणं पडलं की पुन्हा ए पासून. सोमवारी ते दर फेरीला पडलं, तेही नेमकं त्या ग वर. बुधवारी पाच फेऱ्यांत दोनदा. वाजवून झाल्यावर पडद्यावर ‘व्हेरी गुड’ दिसतं, त्यानं बरं वाटतं, पण कीबोर्डला पट्टी आणि वेळ कळते, मनगट कळत नाही. ते नाण्यालाच विचारावं लागतं.

गुरुवारी वीज गेली. सहा पेन्सिल सेलवर सराव चालू ठेवला. अंधारात भाचा मात्रा मोजायला बसला, शाळेतल्या कन्नडमध्ये: ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू. मी मराठीत मोजताना चारला घसरायची, पण त्याच्या “नाल्कू” वर ग आपोआप पडला. सलग आठ वेळा, नाणं जागेवर.

वेग आता 76. डावा हात अजून चौथ्या ओळीच्या सुरुवातीला किंचित मागे राहतो. पुढच्या आठवड्यात दोन्ही हात माझे, कीबोर्डकडे फक्त ताल, आणि मोजायला भाचा आहेच.