दिवस मगरिबपासून मोजा

इस्लामी तारीख रात्री बाराला बदलत नाही. सूर्य बुडाला, मगरिबची (सूर्यास्तानंतरच्या नमाजेची) वेळ झाली, की नवा दिवस लागतो. म्हणून गुरुवारची संध्याकाळ ही जुम्म्याची (शुक्रवारची) रात्र, आणि म्हणूनच रमजानचा चांद दिसला की पहिल्या रोज्याच्या आधी पहिली तरावीह (रमजानातली रात्रीची नमाज) होते. हे घराघरात ठाऊक आहे. तरीही वेळेचा विषय निघाला की बहुतेक जण पहाटेच्या अलार्मपासून सुरुवात करतात. चारचा लावू की साडेचारचा, एक लावू की तीन? अलार्म वाजतो तोवर त्या दिवसाचे नऊ-दहा तास उलटून गेलेले असतात. जे बिघडायचं ते त्या तासांतच बिघडलेलं असतं.

दिवस मगरिबपासून मोजला की कामांचा क्रम असा लागतो: मगरिब, जेवण, घरच्यांशी बोलणं, इशा (रात्रीची नमाज), झोप, फजर (पहाटेची नमाज) आणि मग रोजीरोटी. झोप हे दिवसाचं पहिलं मोठं काम ठरतं, सगळं उरकून उरलेल्या वेळात कोंबायची गोष्ट राहत नाही. सूरह नबामध्येही (७८:९-११) आधी झोप येते, मग पांघरुणासारखी रात्र आणि त्यानंतर उपजीविकेचा दिवस. बुखारी शरीफ या हदीससंग्रहात हजरत अबू बर्जा (रजि.) सांगतात की पैगंबरांना (स.) इशाच्या आधी झोपणं आणि इशानंतर गप्पा मारत बसणं आवडत नसे. या दोन गोष्टी जोडीनं वाचायला हव्यात. आधी झोपलं तर इशा जाते, नंतर जागलं तर फजर जाते. इल्म (ज्ञानार्जन), पाहुणा, नवराबायकोचं बोलणं, आजाऱ्याची सेवा यांना उलेमांनी सवलत दिली आहे. एकामागून एक आपोआप सुरू होणारे व्हिडिओ त्यात कुठेच बसत नाहीत.

आता आकडे पाहू. मुंबईत जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य साधारण ७:१८ ला बुडतो, इशाची वेळ ८:४० च्या सुमारास लागते आणि फजरची ४:४० ला. सूर्योदय ६ च्या आसपास. डिसेंबरच्या मध्यात मगरिब ६:०४ ला, इशा ७:२० नंतर, फजर पावणेसहाला आणि सूर्योदय ७:०४ ला. म्हणजे इशा लागल्यापासून फजर लागेपर्यंत उन्हाळ्यात जेमतेम आठ तास मिळतात आणि हिवाळ्यात जवळजवळ साडेदहा. वर्षभर एकच वेळापत्रक पाळायचा प्रयत्न फसतो तो या अडीच तासांमुळे. डिसेंबरात अकराला झोपूनही फजर मिळते, सवय लागते, आणि तीच सवय एप्रिल-मेमध्ये दगा देते. जूनमध्ये दहाला दिवा मालवला आणि पाचला उठलं तर सात तास होतात. तेवढे होत नसतील तर दुपारचा कैलुला (डुलका) आहे. तो २० मिनिटांचा पुरे. पाऊण तासाच्या वर गेला तर गाढ झोपेतून उठावं लागतं, डोकं जड होतं आणि रात्रीची झोप लांबते. इमाम गझालींनी (१०५८-११११) झोपेची वरची मर्यादाही सांगून ठेवली आहे: दिवसरात्रीत आठ तासांहून अधिक नको, कारण त्या हिशोबाने साठ वर्षांच्या आयुष्यातली वीस वर्षं झोपेत जातात. आठ हा आकडा कमाल आहे हे ध्यानात ठेवावं. चार तास झोपून तहज्जुद (उत्तररात्रीची ऐच्छिक नमाज) पढायची आणि दिवसा कामावर पेंगायचं, ही इबादत नव्हे. मालकाच्या वेळेचाही हक्क असतो.

तहज्जुदचा हिशोबही सोपा आहे. मगरिबपासून फजरपर्यंतच्या वेळेचे तीन समान भाग करायचे, शेवटचा भाग उत्तम. डिसेंबरात मुंबईत हा भाग रात्री १:५० च्या सुमारास सुरू होतो, जूनमध्ये दीडनंतर. पण दीडला उठण्याची गरज नाही. फजरच्या २० मिनिटं आधी उठून पढलेल्या दोन रकातीही (रकात म्हणजे नमाजेचं एक आवर्तन) त्याच शेवटच्या भागात येतात. सुरुवात इथूनच करावी. हजरत आयशा (रजि.) यांच्या रिवायतीत (त्यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये) अल्लाहला सर्वांत प्रिय काम ते, जे नेहमी केलं जातं, भले थोडं का असेना. पहिल्या आठवड्यात आठ रकाती आणि तिसऱ्या आठवड्यात शून्य, हा अनुभव अनेकांचा असतो. त्याचं कारण सुरुवातीचा आकडाच मोठा असतो.

नमाजेला फार वेळ जातो असं वाटणाऱ्यांनी एकदा बेरीज करून पाहावी. हनफी मजहबच्या (इस्लामी कायद्याच्या एका परंपरेच्या) हिशोबाने १७ फर्ज (अनिवार्य), १२ सुन्नते मुअक्कदा (आग्रहाने सांगितलेल्या) आणि ३ वित्र (इशानंतरच्या), एकूण ३२ रकाती. सावकाश पढूनही एका रकातीला पावणेदोन मिनिटांच्या आसपास लागतात, म्हणजे ५६ मिनिटं. पाच वेळच्या वजूची (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुण्याची) १५ मिनिटं धरली तरी सव्वा तासाच्या आतच. चोवीस तासांत मिनिटं १,४४०. वेळ जातो तो नमाजेच्या आगेमागे. अजान झाल्यावर ‘आता पढतो’ म्हणत घालवलेली अर्धी घटका सर्वांत महाग पडते, कारण त्यात धड काम होत नाही आणि धड नमाजही होत नाही. उपाय एकच: अजानच्या दहा मिनिटं आधी वजू. वजू असला की आळसाला अडकायला जागा उरत नाही. ऑफिसच्या बेसिनमध्ये पाय धुणं अवघड जात असेल तर चामड्याचे मोजे वापरावेत. पूर्ण वजू करून ते घातले तर घरी असणाऱ्याला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्र त्यांवर मसह करता येतो, म्हणजे पाय न धुता ओला हात फिरवता येतो. ही मुदत मोजे घातल्यावर पहिल्यांदा वजू तुटतो तेव्हापासून मोजतात. साध्या सुती मोज्यांना ही सवलत नाही.

आता मगरिब. शहरात नोकरी करणाऱ्यांची सर्वांत जास्त कजा होणारी (वेळ टळणारी) नमाज फजरच्या खालोखाल हीच असावी. मगरिब लागल्यापासून इशा लागेपर्यंत मुंबईच्या अक्षांशावर ७२ ते ८५ मिनिटं मिळतात. आसमंतातली लाली जाईपर्यंतच मगरिब मानणाऱ्या शाफई मजहबवाल्यांना त्याहून कमी. जूनमध्ये अडचण येत नाही. साडेसहाची लोकल धरून पावणेआठला कल्याणच्या घरी पोचणारा माणूस आरामात पढतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सूर्य सहाला बुडतो, लोकल साडेसहाची, घरी पोचायला पावणेआठ, आणि तोवर इशा लागलेली. त्याच माणसाची तीच लोकल, फक्त महिना बदलला. म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी मगरिब ऑफिसातून निघण्यापूर्वीच पढायची. तीन फर्जांना पाच मिनिटं लागतात, पुढची लोकल पकडता येते. कॅलेंडरवर ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला ही खूण करून ठेवावी.

असरबाबत (दुपारनंतरच्या नमाजेबाबत) महाराष्ट्रात एक गंमतशीर सोय आहे. कोकणी मुसलमान, म्हणजे रत्नागिरी, रायगड आणि मुंबईतले बरेचसे, शाफई आहेत. देशावरचे आणि विदर्भ-मराठवाड्यातले बहुतेक हनफी. शाफईंच्या मते वस्तूची सावली दुपारची मूळ सावली वगळून तिच्याएवढी झाली की असर लागते, हनफींच्या मते दुप्पट झाल्यावर. मुंबईत हा फरक डिसेंबरात पाऊण तासाचा (३:४२ आणि ४:२८) आणि जूनमध्ये सव्वा तासाचा (४:०२ आणि ५:१८) असतो. दोन्ही असर छापलेलं वेळापत्रक असेल तर आपला रकाना आधी पाहून घ्यावा. हनफी माणसाने चुकून शाफई वेळ धरली तर असर वेळेआधी होते, आणि शाफई माणूस हनफी वेळेची वाट पाहत बसला तर अव्वल वक्त (सुरुवातीची वेळ) निसटतो. रोजचा गोंधळ टाळायचा तर आपल्या मशिदीची जमात (सामूहिक नमाज) धरावी.

दुसऱ्या शहराचं वेळापत्रक वापरणं हीदेखील नेहमीची चूक. सूर्य पूर्वेला आधी उगवतो, एका रेखांशाला चार मिनिटं. मुंबई आणि नागपूरमध्ये सहा रेखांशांहून थोडं जास्त अंतर आहे, म्हणजे नागपूर साधारण २५ मिनिटं पुढे. मुंबईचा तक्ता घेऊन नागपुरात सहरी करणारा फजर लागल्यावरही खात बसेल, आणि नागपूरचा तक्ता घेऊन मुंबईत इफ्तार करणारा सूर्य असतानाच रोजा सोडेल. पुण्याचा फरक चार मिनिटांचा, सोलापूरचा बाराचा. मोबाइलच्या ॲपमध्ये शहर, फजर-इशाचा कोन (सूर्य क्षितिजाखाली किती असताना वेळ धरायची तो; आपल्याकडे सहसा १८ अंश) आणि असरचा मजहब या तीन गोष्टी एकदा तपासून घ्याव्यात. नव्या ॲपमध्ये मजहब आपणहून बरोबर लागलेला असेलच असं नाही.

फजरनंतरचे दोन तास हा दिवसाचा सोन्याचा तुकडा. ‘अल्लाह, माझ्या उम्मतला तिच्या सकाळीत बरकत दे’ ही दुआ अबू दाऊद आणि तिरमिजीत आहे. ती सांगणारे हजरत सख्र (रजि.) व्यापारी होते. ते आपला माल भल्या सकाळी रवाना करत आणि श्रीमंत झाले, हे त्याच रिवायतीत आहे. हदीसचं व्यवहारात काय करायचं ते त्यांनी करून दाखवलं. ज्या कामाला डोकं लागतं ते इथे ठेवावं: अभ्यास, हिशोब, लिखाण. मोबाइलवरचे निरोप नऊनंतर. सूर्य उगवताना नमाज पढू नये, १५-२० मिनिटं थांबून इशराकच्या (सूर्योदयानंतरच्या ऐच्छिक नमाजेच्या) दोन रकाती पढता येतात. तेवढी मिनिटं तिलावतीला (कुरआन वाचायला) नेमकी पुरतात.

तिलावतीचं गणित: मदिनेच्या छापाचा मुसहफ (कुरआनची प्रत) ६०४ पानांचा, एक पारा (कुरआनचा तिसावा भाग) साधारण २० पानांचा. प्रत्येक फर्ज नमाजेनंतर चार पानं वाचली तर रोज एक पारा होतो आणि महिन्यात कुरआन पूर्ण. सफाईदार वाचणाऱ्याला पानामागे दोन मिनिटं लागतात, म्हणजे दर नमाजेमागे आठ मिनिटं. अटकत वाचणाऱ्याला एका पानाला पाच-सहा मिनिटं लागतील. त्याने रोज दोनच पानं घ्यावीत, दहा महिन्यांत खतम होतो. हुकलेली पानं दुसऱ्या दिवशी भरून काढायची नाहीत, जिथे थांबलो तिथून पुढे जायचं. थकबाकी साठली की माणूस मुसहफ उघडायलाच घाबरतो.

पाळीवर काम करणाऱ्यांचं वेगळं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. रातपाळीवाल्याला ‘इशानंतर झोपा’ हा सल्ला काय कामाचा? त्याने झोपेचे दोन तुकडे करावेत. फजर पढून, थोडं खाऊन लगेच झोपायचं ते जोहरला (दुपारच्या नमाजेला) उठायचं, आणि असरनंतर संध्याकाळी कामावर जाण्याआधी तासभर पुन्हा आडवं व्हायचं. हिवाळ्यात सुटीच्या वेळेआधी सूर्य उगवत नसेल तर फजर घरी, नाहीतर मागाजवळच पाण्याची बाटली आणि मुसल्ला (नमाजेची चटई) ठेवून. फजरनंतर झोपू नये असं कुणी टोकलं तर मनाला लावून घेऊ नये. हजरत सलमान (रजि.) यांनी अबू दर्दांना सांगितलं होतं की तुझ्या रबचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या जिवाचा आणि घरच्यांचाही आहे, ज्याचा त्याला दे. पैगंबरांनी (स.) त्यावर ‘सलमान खरं बोलला’ असं म्हटलं. रात्रभर मागासमोर उभं राहिलेल्या पायांचा हक्क झोपेचा आहे.

रमजानात मात्र हा सगळा क्रम आपण स्वतःच्या हाताने उलटा करतो, आणि याचं मनापासून वाईट वाटतं. तरावीहनंतर बाजार भरतात, खाण्याच्या गाड्यांवर सहरीपर्यंत गर्दी असते, दिवस झोपेत जातो आणि जोहर-असर कशीबशी. शेवटच्या दहा रात्री, ज्यांच्यातल्या विषम रात्रींत शबे कद्र ही पवित्र रात्र शोधायला सांगितलंय, त्या कपडे आणि चपलांच्या दुकानांत सरतात. ईदची खरेदी शाबानमध्ये (रमजानआधीच्या महिन्यात) उरकणं शक्य आहे. शिवणाचे कपडे टाकायला तेव्हा शिंप्याकडेही गर्दी नसते. राहिलंच काही तर विसाव्या रोज्याच्या आत संपवावं. किराणा महिन्याचा एकदम भरावा, आणि इफ्तारचे पदार्थ दोन ठेवावेत. घरातल्या बाईचे असर ते मगरिब हे दोन-तीन तास तळणात गेले तर तिची दुआची वेळ कुणी खाल्ली, हेही घरातल्या पुरुषांनी पाहावं.

वर्षाचा हिशोब चंद्रावर चालतो, म्हणून जकातची (वर्षाच्या अनिवार्य दानाची) तारीख चांद्र ठेवावी. चांद्रवर्ष ३५४-३५५ दिवसांचं. जो ३१ मार्चचा ताळेबंद धरून सौर वर्षाची जकात काढतो, त्याने अडीच टक्क्यांऐवजी २.५८ च्या आसपास धरायला हवी, नाहीतर दर ३३ वर्षांत जवळपास एका वर्षाची जकात राहून जाते.

शेवटी जुम्मा. सूरह जुम्माच्या आयतींत (६२:९-१०) अजान झाल्यावर व्यवहार सोडायला सांगितलंय आणि नमाज संपताच जमिनीवर पसरून अल्लाहचा फजल (कृपा) शोधायलाही. तरी शुक्रवारची सकाळ नेहमी घाईत जाते: गुसल (स्नान), कपडे, नखं, सूरह कहफ, सगळं बारा ते साडेबाराच्या मध्ये. सूरह कहफ ११० आयतींची, बारा पानांच्या आत संपते आणि वाचायला २५ ते ३० मिनिटं लागतात. तिची वेळ गुरुवारच्या मगरिबपासून शुक्रवारच्या मगरिबपर्यंत आहे. निम्मी गुरुवारी मगरिब आणि जेवणाच्या मध्ये वाचावी, निम्मी शुक्रवारी फजरनंतर. नखं आणि कपड्यांची इस्त्री गुरुवारी रात्री. मग शुक्रवारी दुपारी फक्त गुसल करून खुत्ब्याच्या (प्रवचनाच्या) आधी मशिदीत पोचायचं राहतं.