गॅस बदलला दोन दिवसांत, तेलाने घेतले तीन आठवडे

आमच्या शीतगृहाच्या लॉगबुकात शेवटचा रकाना 'टॉप-अप'चा, म्हणजे गळून कमी झालेला गॅस पुन्हा भरल्याचा. कधी ३ किलो, कधी ५, एकदा ऐन उन्हाळ्यात ११. वर्षानुवर्षं मी त्याखाली डोळे झाकून सही करत आलो. आर-२२, म्हणजे यंत्रणेत फिरून थंडावा देणारा जुना गॅस, काढून टाकायचं ठरलं तेव्हा पहिल्यांदाच त्या रकान्याची बेरीज मारली. सात वर्षांत ११८ किलो. आणि आमच्या यंत्रणेत एकूण मावतो ६४ किलो! म्हणजे अख्खी यंत्रणा जवळजवळ दोनदा हवेत सोडून वर आम्ही 'देखभाल व्यवस्थित' असा शेरा मारत होतो.

आर-२२ च्या रेणूत क्लोरीनचा एक अणू असतो, सगळं दुखणं त्यातच. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं की असे वायू वर स्थितांबरात पोचले, की अतिनील किरणांनी फुटतात आणि सुटलेलं क्लोरीन ओझोन खात सुटतं. स्वतः मात्र संपत नाही. आमच्या धंद्यात एक समजूत कायम ऐकू येते: "आर-२२ काही आर-१२ इतका वाईट नाही." खरं आहे. आर-१२ हा असाच दुसरा जुना गॅस. आर-२२ चं ओझोनला घातक असण्याचं मोजमाप ०.०५५, आर-१२ चं १. पण ११८ किलो उडवल्यावर या दशांशाच्या आड किती लपणार? शिवाय १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात पुढे झालेल्या सुधारणांनुसार विकसित देशांतला आर-२२ चा वापर २०२० मध्येच जवळपास थांबला, आणि विकसनशील देशांसाठी २०३० ही मुदत आहे. त्यानंतर जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता थोडासा. गळकं यंत्र आणि आटत जाणारा गॅस, हे गणित फार दिवस जमणारं नव्हतंच.

मग कोणता गॅस घ्यायचा? सगळ्यांचा पहिला सल्ला आर-४०४ए. त्यात क्लोरीन नाही, ओझोनला धोका शून्य. पण त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ३,९२२ पट, आर-२२ ची १,८१०. आगीतून फुफाट्यात जायचं कशाला? प्रोपेन उत्तम, पण ज्वलनशील; आमच्यासारख्या लांबच लांब पाइपांच्या आणि ६४ किलोच्या जुन्या यंत्रणेत तो भरायचा विचारही करू नये. अमोनिया तांब्याला खातो आणि आमच्या सगळ्या लाइनी तांब्याच्या. कार्बन डायऑक्साइडला दाबच इतका लागतो की यंत्रणा मुळापासून नवी उभारावी लागते. शेवटी आर-४४९ए वर शिक्कामोर्तब झालं. त्याचा आकडाही १,४०० च्या आसपास आहे, आणि २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर या जातीचे गॅसही हळूहळू कमी होत जाणार. म्हणजे हा काही कायमचा तोडगा नव्हे. पण कॉम्प्रेसर ठणठणीत होते आणि त्यांना अजून दहा वर्षं चालवायचं होतं. तेवढ्यासाठी मला तो पटला.

कंत्राटदाराचे मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले, "साहेब, जुना काढायचा, नवा भरायचा. दोन दिवस पुरे." अनुभवी माणूस, हात सोन्याचा. पण त्यांनी तेलाचं नावच काढलं नाही, तिथे मी थबकलो.

आर-२२ बरोबर मिनरल (खनिज) तेल चालतं, कारण दोघं एकमेकांत मिसळतात. कॉम्प्रेसरमधून थोडं तेल गॅसबरोबर बाहेर पडतं, सगळीकडे फिरतं आणि परत येतं. नव्या गॅसमध्ये हे तेल विरघळत नाही. ते थंड कॉइलमध्ये जाऊन काकवीसारखं बसून राहतं आणि इकडे कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून पॉलिओल एस्टर हे कृत्रिम तेल हवं. जुनं तेल मात्र नुसतं क्रँककेसमध्ये, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पोटात, नसतं. गॅसमधून तेल वेगळं करणाऱ्या सेपरेटरमध्ये, कॉम्प्रेसरकडे गॅस परत नेणाऱ्या सक्शन लाइनच्या प्रत्येक खोलगट वळणात, कॉइलच्या तळाशी, कुठे कुठे दडलेलं असतं. एकदा काढून भागत नाही.

यातली युक्ती म्हणजे तेल आधी बदलायचं, गॅस नंतर. पॉलिओल एस्टर आर-२२ मध्येही नीट मिसळतं. तेव्हा जुनाच गॅस ठेवून आम्ही क्रँककेस आणि सेपरेटर रिकामे केले, नवं तेल घातलं आणि यंत्रणा आठवडाभर नेहमीसारखी चालवली. फिरता फिरता नवं तेल जुन्याला कोपऱ्याकोपऱ्यातून ओढून आणतं. मग ते काढायचं, पुन्हा नवं घालायचं.

किती मिनरल उरलं हे कळायला रिफ्रॅक्टोमीटर. बोटभर लांबीची दुर्बीण म्हणा ना. काचेवर तेलाचा थेंब ठेवायचा, झाकण दाबायचं आणि उजेडाकडे धरून आत बघायचं. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतात तिथली रेघ कुठल्या आकड्यावर आहे ते टिपायचं. पहिल्या फेरीनंतर उरलेलं मिनरल निघालं २१ टक्के, दुसरीनंतर ९. मिस्त्री म्हणाले, "आता पुरे हो." हवं होतं ५ च्या खाली. तिसऱ्या फेरीत ४ आलं तेव्हा त्यांनी दुर्बीण माझ्या हातातून घेऊन स्वतः तीनदा पाहिलं. त्या दिवसापासून ते दुर्बीण खिशातच ठेवू लागले.

या तेलाचा एक मोठा दुर्गुण: हवेतलं बाष्प अधाशासारखं पितं. डबा धातूचाच घ्या, प्लास्टिकमधूनसुद्धा त्याला ओल लागते. उघडला की लगेच वापरायचा. अर्धा उरला तर मोह आवरून बाजूला काढायचा. शिवाय ते साबणासारखं काम करतं. वीस वर्षांचा मळ पाइपांच्या भिंतींवरून सुटून फिल्टरमध्ये आला. तीन आठवड्यांत दोनदा ड्रायरचे, म्हणजे ओल आणि मळ धरणाऱ्या फिल्टरचे, कोअर बदलले. पहिला निघाला तो अक्षरशः चुलीतून काढल्यासारखा काळा.

या काळात जुन्या गॅसवरचे सगळे आकडे वहीत उतरवले: सक्शन आणि डिस्चार्जचे (कॉम्प्रेसरमध्ये शिरतानाचे आणि बाहेर पडतानाचे) दाब, प्रत्येक खोलीचं तापमान, सुपरहीट (पूर्ण उकळल्यावर गॅस आणखी किती अंश तापला), सबकूलिंग (द्रव झाल्यावर आणखी किती अंश थंड झाला), मोटरचे अँपिअर. ही वही नसती, तर पुढे काय बिघडलं आणि काय आधीपासून तसंच होतं यावर नुसते वाद झाले असते.

मग गॅस काढायचा दिवस. रिकव्हरी मशीन लावलं, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला. ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण काटा समोर नसेल तर पाळला जात नाही. ६४ पैकी निघाला ४३ किलो. बाकीचा कुठे गेला ते विचारू नका, सही माझीच आहे.

खरा धक्का दुसऱ्या सकाळी. रात्रभर ठेवलेल्या सिलिंडरचा दाब मी सहज तपासला. सिलिंडर ३० अंशांवर स्थिरावला असेल तर शुद्ध आर-२२ चा दाब १५८ पीएसआयच्या आसपास हवा. गेज १८० च्या वर. हवा शिरली म्हणावी, तर दुसऱ्या सिलिंडरचंही तेच. जुनी बिलं चाळली तेव्हा उलगडलं: तीन वर्षांपूर्वी कोणीतरी टॉप-अपच्या नावाखाली दुसराच गॅस ढकलला होता. म्हणजे तीन वर्षं आमचे दाब आणि गॅसचा दाब-तापमानाचा तक्ता का जुळत नव्हते, याचं उत्तर या दोन बाटल्यांत होतं. शुद्ध निघाला असता तर तो स्वच्छ करून कोणाच्या तरी दुरुस्तीला उपयोगी पडला असता. भेसळ झालेला गॅस वेगळा करणं जिकिरीचं. आमचा नष्ट करायला पाठवावा लागला. सिलिंडरवर ठळक अक्षरांत 'मिश्र' लिहिताना फार वाईट वाटलं.

आता रबर. आर-२२ आणि मिनरल तेलात वर्षानुवर्षं भिजून ओ-रिंग फुगतात आणि त्या फुगलेल्या आकारातच बसतात. नवा गॅस, नवं तेल आलं की आकसतात आणि काल न गळणारा जोड आज गळू लागतो. रिसीव्हरच्या (द्रव गॅसच्या टाकीच्या) काचेखालची रिंग काढली तर गोल तारेसारखी असायला हवी ती फितीसारखी चपटी, आणि वाकवताच तडकली. सोलेनॉइड, काचा, सर्व्हिस पोर्टच्या पिना, सगळं बदललं. एक बॉल व्हॉल्व्ह मागच्या भिंतीला खेटून होता, हात जात नव्हता. "तो बरा आहे," असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. हे लक्षात ठेवा.

नायट्रोजनने दाब देऊन चोवीस तास ठेवलं. (ऑक्सिजन कधीही नाही; तेलाशी गाठ पडली की स्फोट.) मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं. ५०० मायक्रॉनपर्यंत (आकडा जितका कमी तितकं आत निर्वात) खेचून पंप बंद केला. काटा चढून १,४०० वर थांबला. तो चढतच राहिला असता तर गळती. थांबला म्हणजे आत ओल. नायट्रोजनने व्हॅक्यूम मोडला, पुन्हा खेचला, पुन्हा मोडला. तिसऱ्या खेपेला टिकला.

आर-४४९ए चार वायूंचं मिश्रण, म्हणून सिलिंडरमधून द्रवरूपातच भरायचा. वायू म्हणून सोडला तर हलके घटक आधी निघून जातात आणि प्रमाण बिघडतं. मूळ वजनाच्या ८५ टक्क्यांपासून सुरुवात केली.

आणि इथे आमची गाडी घसरली. मिश्रण असल्यामुळे हा गॅस एकाच तापमानाला उकळत नाही. वातावरणाच्या दाबाला उकळी सुरू होते उणे ४६ ला आणि संपते उणे ४० च्या आसपास. तक्त्यात म्हणून दोन रकाने: बबल (उकळी सुरू होते ते तापमान) आणि ड्यू (उकळी संपते ते). आयुष्यभर एकाच रकान्याची सवय असलेल्या मिस्त्रींनी पहिला रकाना धरला. सुपरहीट आली १२. "जास्त आहे," म्हणून त्यांनी कॉइलमध्ये द्रव गॅस सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणखी उघडला. अर्ध्या तासात कॉम्प्रेसरच्या पोटावर दव, मग पांढरा थर. हात लावला तर बर्फ. द्रव गॅस परत कॉम्प्रेसरमध्ये येत होता! धावत जाऊन बंद केला. सुपरहीट ड्यूच्या रकान्याने काढायची, सबकूलिंग बबलच्या. खरी सुपरहीट आधी ६ होती, अगदी योग्य. आम्ही ती शून्यावर नेली. तक्त्याची प्रत काढून दोन्ही रकान्यांना वेगवेगळा रंग दिला आणि पॅनेलच्या दाराला चिकटवली. दाबाचे स्विच नव्या आकड्यांवर लावले, जुन्या गॅसची पाटी खरवडून नवी लावली. तेल कोणतं तेही तिच्यावर लिहिलं.

चौथ्या दिवशी लाइनमधला गॅस दिसतो त्या काचेत बुडबुडे, म्हणजे गॅस कमी झालेला. गळती शोधायला मिस्त्रींनी पेटीतून जुना हॅलाइड दिवा काढला, क्लोरीन लागलं की ज्योत हिरवी होते तो. ज्योत निळीची निळीच. नव्या गॅसमध्ये क्लोरीनच नाही, हिरवी कशाने होणार? दोघंही हसलो. मग साबणाचं पाणी घेऊन सरळ त्या भिंतीमागच्या व्हॉल्व्हकडे गेलो. फेस फुगे मारत होता.

ती रिंग बदलायला भिंतीची एक वीट काढावी लागली. वीस मिनिटांचं काम.

आता पाच महिने झाले. टॉप-अपच्या रकान्यात त्या एका गळतीचे २ किलो, बाकी रेघा. साध्या तीन खोल्या आधीसारख्याच चालतात, डिस्चार्जचं तापमान तर जुन्या वहीपेक्षा कमी आहे. फ्रीझरची खोली मात्र माल भरल्यावर खाली यायला पाऊण तास जास्त घेते. तिथल्या व्हॉल्व्हचा नोझल पुढच्या बंदच्या दिवशी बदलणार आहोत, आणि या वेळी दुर्बीण, तक्ता, ओ-रिंगांचं पाकीट सगळं मिस्त्रींनीच आधी काढून ठेवलंय.