आमची वाटचाल: पार्ट बदलण्याकडून सर्किट तपासण्याकडे

आमच्या जॉब कार्डावर चार रकाने छापलेले आहेत: पाच व्होल्ट, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वायर), सिग्नल, कपलर (वायरी जोडायचा प्लग). हे चारही भरल्याशिवाय आमच्याकडे इंजिनचा एकही सेन्सर बदलला जात नाही. सुरुवातीच्या कार्डावर फक्त ‘स्कॅनरचा कोड’ (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या बिघाडाचा क्रमांक) आणि ‘बदललेला पार्ट’ एवढंच होतं. मधल्या वर्षांत गॅरेज जे शिकलं ते सगळं या चार रकान्यांत आहे.

पुण्यात १ एप्रिल २०१० पासून बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) लागू झालं, २०१३ पासून मोटारींना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून नोंदवायची पद्धत) आलं आणि २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६. प्रत्येक टप्प्याला इंजिनावरचे सेन्सर वाढत गेले आणि कामाचं स्वरूपच पालटलं. आम्हीही इतरांसारखा आधी स्कॅनर घेतला. पी ०११८ आला की कूलंट सेन्सर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणारा), पी ०३३५ आला की क्रँक सेन्सर (इंजिनचा मुख्य दांडा कसा फिरतोय ते सांगणारा), असा सरळ हिशोब होता. नाना पेठेतून पार्ट आणायचा, बसवायचा, कोड डिलीट करायचा. बऱ्याच गाड्या सुटत, पण काही चार दिवसांत त्याच कोडसकट परत येत. बसवलेला इलेक्ट्रिकचा पार्ट दुकानदार परत घेत नाही, म्हणजे तो भुर्दंड एक तर गिऱ्हाइकाला नाही तर आम्हाला.

चूक साधी होती. पी ०३३५ चा पूर्ण अर्थ ‘क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड’ असा आहे. ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सेन्सर दिसत नाही, त्याला त्याच्या पिनवरचं व्होल्टेज दिसतं. बहुतेक तीन वायरच्या सेन्सरचा सिग्नल साधारण अर्ध्या ते साडेचार व्होल्टच्या मध्ये फिरतो. त्याच्या बाहेर गेला की कोड पडतो. वायर तुटली, अर्थ सुटला, कपलरमध्ये पाणी शिरलं किंवा सेन्सर खरंच गेला, तरी ईसीएमच्या लेखी सगळं सारखंच. त्यातलं नेमकं काय झालंय हे ठरवणं हे आमचं काम, आणि त्याला स्कॅनरपेक्षा चांगला मल्टिमीटर जास्त उपयोगी पडतो.

सगळ्यात आधी पाच व्होल्ट बघतो. ईसीएम एकाच लाईनवरून अनेक सेन्सरना पाच व्होल्ट पुरवतो: थ्रॉटल, मॅप (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), कधी ॲक्सिलरेटर पेडल, आणि पुष्कळ गाड्यांत एसीच्या गॅसचा प्रेशर सेन्सरसुद्धा. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे कोड एकदम पडतात. गाडी पिकअप घेत नाही आणि स्कॅनर पाच-सहा सेन्सरची यादी दाखवतो. अशी यादी दिसली की पार्ट मागवण्याआधी पी ०६४२ सारखा संदर्भ व्होल्टेजचा कोड त्यात आहे का ते बघावं. मग इग्निशन चालू ठेवून मीटर पाच व्होल्टच्या पिनवर लावायचा आणि त्या लाईनवरचे कपलर एकेक करून काढत जायचं. ज्या कपलरला शून्यावरून पाच व्होल्ट परत उसळले, तो सेन्सर शॉर्ट. सगळे काढूनही शून्यच राहिलं तर हार्नेस (वायरींचा जुडगा) कुठेतरी घासून बॉडीला लागला आहे. ईसीएमवर संशय त्यानंतर. एसीचा सेन्सर मात्र लोक तपासतच नाहीत, कारण तक्रार इंजिनची असते.

कूलंट सेन्सरची तपासणी याहून सोपी आहे आणि शिकाऊ मुलांना आम्ही तीच आधी शिकवतो. दोन वायरच्या सेन्सरचं कपलर काढलं की स्कॅनरवर तापमान उणे ४० च्या आसपास जायला हवं. कपलरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या की आकडा १३० किंवा त्याच्या वर उडी मारायला हवा. दोन्ही घडलं तर वायर आणि ईसीएम ठीक, सेन्सर बदला. जोडूनही उणे ४० च राहिलं तर सिग्नलची पिन तारेने थेट इंजिनच्या बॉडीला लावून बघा. आता आकडा हलला तर सेन्सरचा अर्थ तुटला आहे, नाही हलला तर सिग्नलची वायर. पाच मिनिटांचं काम. सेन्सर बाहेर काढून मोजायचा तर साधारण २० अंशाला दोन ते तीन किलोओहम आणि ८० अंशाला तीनशे ओहमच्या जवळपास येतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. रात्रभर उभ्या गाडीत सेल मारण्याआधी कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसलं पाहिजे. दोघांत दहा-बारा अंशांचा फरक असेल तर एक सेन्सर खोटं बोलतोय, भले कोड पडलेला नसो.

मॅप सेन्सरबाबत पुणेकर मेकॅनिकने एक गोष्ट पाठच करावी. इंजिन बंद, इग्निशन चालू, अशा वेळी मॅपने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायचा असतो. पुस्तकात १०१ किलोपास्कल लिहिलेलं असतं, पण तो समुद्रसपाटीचा आकडा. पुणे सुमारे ५६० मीटर उंचावर, इथे ९५ च्या आसपासच येणार. सिंहगडावर तोच सेन्सर ८७ च्या घरात दाखवेल. ९५ बघून चांगले सेन्सर फेकलेले आम्ही पाहिले आहेत. उलट पुण्यात उभ्या गाडीत १०१ दिसत असेल तर तपासणी तिथून सुरू करायची.

क्रँक सेन्सरमध्ये आधी तो कोणत्या जातीचा ते बघावं लागतं. दोन वायरचा असेल तर आत कॉइल असते. तिचा रेझिस्टन्स बहुधा पाचशे ते दीड हजार ओहम, आणि सेल मारताना मीटर एसी व्होल्टवर (उलटसुलट प्रवाहाच्या) ठेवला की अर्ध्या व्होल्टच्या वर काहीतरी यायलाच हवं. थंड असताना ओहम बरोबर आणि गरम झाला की आतून तार तुटल्यासारखा उघडा, हा त्याचा नेहमीचा रोग. गाडी ट्रॅफिकमध्ये बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. अशा सेन्सरला हेअर ड्रायरने तापवून मोजावं. तीन वायरच्या हॉल सेन्सरला (यात कॉइलऐवजी चुंबकत्व ओळखणारी चिप असते) मात्र ओहम मोजून काही कळत नाही. तिथे सप्लाय, अर्थ आणि कपलर काढल्यावर सिग्नलच्या वायरवर ईसीएमकडून येणारं व्होल्टेज बघायचं. खरं उत्तर स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) देतो. क्रँकबरोबर फिरणाऱ्या रिंगवर साठ दातांची जागा आणि त्यातले दोन गायब, ही बऱ्याच इंजिनांची ठेवण. स्क्रीनवर ती फट स्वच्छ आणि प्रत्येक फेऱ्यात एकदाच दिसली पाहिजे. मध्येच एखादा दात बुटका दिसला तर रिंगला मार बसलाय किंवा सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटलाय. पी ००१६ आला तर मात्र सेन्सरकडे जाण्याआधी टायमिंग चेन बघा. तिथे क्रँक आणि कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) मेळच बसत नसतो.

आता अर्थ. याच्यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो वाया जात नाही. मीटरच्या कंटिन्युटीची (वायर अखंड आहे का त्या तपासणीची) शिटी वाजली म्हणजे वायर चांगली, हा समज सोडून द्यावा. वायरीत तांब्याची एकच तार शिल्लक असली तरी शिटी वाजते. इंजिन चालू, हेडलाईट आणि फॅन चालू, मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल सेन्सरच्या अर्थच्या पिनवर. पन्नास मिलिव्होल्टच्या वर आकडा गेला की अर्थचा बोल्ट, त्याखालचा रंग आणि गंज बघायला निघायचं. संशयित वायर दोन्ही टोकांना सुटी करून तिच्यातून बॅटरीवर २१ वॅटचा बल्ब लावायचा. लख्ख पेटला तर वायर धट्टीकट्टी, मिणमिणला तर आत कुजलेली. हे करताना ते टोक ईसीएमला जोडलेलं राहिलं तर ईसीएम जळतो, म्हणून सुटी केल्याचं दुसऱ्याने तपासायचं हा आमच्याकडे नियम आहे.

पावसाळ्यात आणि बोनेट उघडून प्रेशरने इंजिन धुतल्यावर कपलरच्या तक्रारी येतात, सोसायटीच्या पार्किंगमधल्या उंदरांच्या बारा महिने. कोणीतरी पूर्वी तपासताना इन्सुलेशनला सुई टोचलेली असते. त्या भोकातून पाणी शिरतं आणि वायर वरून नवी दिसत असताना आत तांबं हिरवं पडतं. इन्सुलेशन सोललं की बोटांवर हिरवट पूड येते. लाल चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत मागे जावं लागतं, कधी बोटभर, कधी वीतभर. म्हणून आम्ही कपलरच्या मागून बारीक पिन सरकवूनच मोजतो. कपलरच्या मादी पिनची पकडही बघतो: त्याच मापाची नवी नर पिन आत घालून सोडायची, ती स्वतःच्या वजनाने गळून पडली तर पिन बदलायची. जोड क्रिंप करून आत गोंद असलेल्या हीट श्रिंकमध्ये बंद करतो. शेजारच्या वायरींचे जोड एकाच ठिकाणी येऊ देत नाही, आणि क्रँकच्या वायरींना पीळ असेल तर तो तसाच परत देतो. साधी चिकटपट्टी इंजिनच्या उष्णतेत सुटते.

या पद्धतीने काम करायचं तर तपासणीचे पैसे वेगळे घ्यावे लागतात. ‘नुसतं बघायचे पैसे?’ हा प्रश्न सुरुवातीला रोज यायचा, अजूनही येतो. आम्ही मोजलेले आकडे दाखवतो, आणि वायर जोडून काम भागलं तर पार्टचे पैसे लावत नाही. औंधच्या आयटीआयमधून आलेल्या मुलाच्या हातात पहिले दोन महिने स्कॅनर देत नाही. मीटर, वायरिंग डायग्राम आणि बल्ब एवढंच.

गिऱ्हाइकांना एक विनंती मात्र नेहमी करतो. चेक इंजिनचा दिवा लागला तर मोबाईलच्या ॲपवरून कोड पुसून गाडी आणू नका. कोड पडला त्या क्षणी किती आरपीएम होते, इंजिन किती गरम होतं, वेग किती होता, हे ईसीएमने फ्रीझ फ्रेममध्ये जपून ठेवलेलं असतं आणि कोडबरोबर तेही पुसलं जातं. आम्ही आधी ते कार्डावर उतरवून घेतो. काम झालं की त्याच परिस्थितीत गाडी चालवतो: चढावर बंद पडत असेल तर कात्रज घाटात, ट्रॅफिकमध्ये पडत असेल तर संध्याकाळी सिंहगड रोडला. परत आल्यावर इंजिन गरम असतानाच हार्नेस हलवून बघतो, पेंडिंग (अजून पक्का न झालेला) कोड नाही याची खात्री करतो आणि आधीचे-नंतरचे आकडे लिहिलेल्या कार्डाची एक प्रत बिलाला जोडतो. पुढे ही गाडी दुसऱ्या गॅरेजला गेली तरी तिथल्या माणसाला कुठून सुरुवात करायची ते त्यात सापडतं.