चिखलदऱ्याचा घाट, बाबा आणि पाऊण युनिटची बॅटरी

गाडी अक्षय तृतीयेला घेतली, टोयोटा हायरायडर, स्ट्राँग हायब्रिडवाली, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली, आणि तेव्हापासून त्रिमूर्ती नगरातल्या आमच्या गल्लीत रोज एकच प्रश्न, चार्जिंगला कुठं लावता? नाही लावत भाऊ, हिला प्लगच नाही. पेट्रोल टाकायचं, आणि ब्रेक दाबला की गाडी स्वतःची वीज स्वतःच करून घेते. नंबर प्लेटही पांढरीच, हिरवी फक्त पूर्ण इलेक्ट्रिकला मिळते. एवढं ऐकलं की समोरचा म्हणतो, मग फायदा काय? खरं सांगतो, तीन महिने नागपुरात फिरवूनही याचं धड उत्तर माझ्याकडे नव्हतं. मागच्या आठवड्यात बाबांना घेऊन चिखलदऱ्याला गेलो तेव्हा मिळालं.

आधी शहरातलं थोडं. मे महिन्यात ४५ डिग्रीत व्हेरायटी चौकात सिग्नलला उभं राहणं काय असते ते नागपूरकरांना सांगायची गरज नाही. या गाडीचा एसी इंजिनच्या पट्ट्यावर नाही, बॅटरीवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद आणि आत गारवा चालू, हे पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा मी उगाचच बाजूच्या रिक्षावाल्याकडे बघून हसलो. अर्थात त्या उन्हात बॅटरी काही मिनिटांत उतरते आणि इंजिन परत घुरघुरते, तेव्हा फार हुरळून जाऊ नका. सीताबर्डी ते खामला अशा रखडत चालणाऱ्या रस्त्यावर मला २४-२५ चं अ‍ॅव्हरेज मिळते, तेही टाकी फुल ते टाकी फुल मोजून. स्क्रीनवरचा आकडा एक-दीडनी जास्तच दाखवते, तो सासुरवाडीत सांगायला ठीक. कागदावरचा, गाड्यांची चाचणी घेणाऱ्या एआरएआय संस्थेचा आकडा २७.९७ आहे, तो मला आजवर फक्त एकदा दिसला, रात्री अकराला, रिकाम्या रिंग रोडवर.

एक चूक मात्र मी महिनाभर करत होतो. वीस वर्षं गिअरची गाडी चालवलेली, त्यामुळे सिग्नल लागला की हात आपोआप न्यूट्रलला जाते. या गाडीत न्यूट्रलला टाकलं की बॅटरी चार्ज होतच नाही. एकदा वाडीच्या जाममध्ये वीस मिनिटं एन मध्ये एसी लावून बसलो आणि स्क्रीनवरच्या बॅटरीच्या दांड्या एकेक करून खाली गेल्या, मग मॅन्युअल काढून वाचलं. उभं राहायचं तर डी (ड्राइव्ह) मध्ये ब्रेकवर पाय ठेवा, जास्त वेळ असेल तर पी (पार्किंग).

आता प्रवास. श्रावणातला शुक्रवार मुद्दाम निवडला कारण शनिवार-रविवारी चिखलदऱ्याच्या घाटात गाड्यांच्या रांगा लागतात आणि वर पार्किंगवरून भांडणं. मी, बायको, आमचा बारावीतला पोरगा आणि बाबा. बाबा वीज मंडळातून रिटायर झाले त्याला बारा वर्षं झाली, पण घरात कोणी लाइट चालू ठेवून बाहेर पडलं तर अजून युनिटमध्ये हिशोब सांगतात.

सकाळी साडेपाचला निघालो. नागपूर ते चिखलदरा साधारण २३० किमी, वाडी, कोंढाळी, तळेगाव, तिवसा, नांदगाव पेठ, मग अमरावती. शहरात न घुसता वलगाव रोड पकडला आणि आसेगाववरून परतवाडा. अमरावतीपर्यंत चौपदरी, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा, टोल आहेत. ८०-९० वर चालवली तर हिचं हायवेचं वागणं छान आहे, थोडा उतार आला की इंजिन गपकन बंद होते आणि फक्त टायरचा आवाज येते. बाबा पहिल्यांदा दचकले, "काय रे, बंद पडली का?" मी म्हटलं नाही बाबा, बॅटरीवर चालून राहिली. पाच मिनिटांनी परत तेच. नांदगाव पेठच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसल्या तेव्हा कुठं त्यांचं लक्ष गाडीवरून हटलं. इथवर स्क्रीनवर २४.

परतवाड्यात टाकी भरून घ्या. वर मिळेल मिळेल म्हणून जाऊ नका, आणि मेळघाटच्या बाजूनं सेमाडोहकडे उतरायचा विचार असेल तर नक्कीच भरा, जंगलात मोबाइलला रेंजही धड नसते, नकाशा आधीच डाऊनलोड करून ठेवलेला बरा. हवाही इथंच चेक केली आणि बरं झालं केली, कारण नागपुरात एका पंपावर पोरानं चारही चाकांत ४० पर्यंत हवा कोंबली होती. दरवाजाच्या कडेला स्टिकर आहे त्यावर आकडा लिहिलेला असते, तो दाखवूनच हवा भरून घ्या.

परतवाड्यापासून पुढं साधारण ३० किमी, त्यातला बराचसा चढच. परतवाडा साधारण ३७० मीटरवर, चिखलदरा १११८ वर, म्हणजे सातशे-साडेसातशे मीटर चढून जायचं. पहिली चार-पाच वळणं मजा आली, मोटर आणि इंजिन दोघं मिळून ११६ पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच) लावतात, गाडी आरामात वर. मग बॅटरी संपत आली. संपली म्हणजे शून्य होत नाही, पण मोटरचा हात सैल पडते आणि सगळा भार त्या तीन सिलिंडरच्या १.५ लिटर इंजिनवर, त्याचे स्वतःचे ९२ पीएस. गिअर बदलायची भानगड नसल्यामुळे इंजिन एका सुरात ओरडत राहते, मिक्सरमध्ये चटणी वाटावी तसं. नवीन माणूस घाबरते, घाबरू नका, याची रीतच तशी आहे. पण एक लक्षात ठेवा, खाली हिनं जसं ओव्हरटेक करून दिलं तसं वरच्या टप्प्यात देईल असं धरून चालू नका. मी एका एसटीला काढायला गेलो, अर्ध्यात समजलं की पिकअप येत नाही, गपचूप मागं आलो. बायको काही बोलली नाही, नुसतं बघितलं.

चढावरचं अ‍ॅव्हरेज १३. बाबांनी वाचलं आणि चष्मा काढून परत वाचलं.

वरचं फार लिहीत नाही, विदर्भातलं एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण, सगळ्यांनी बघितलेलं असते. धुकं इतकं होतं की देवी पॉइंटवर आम्ही फक्त आवाज ऐकला पाण्याचा. भीमकुंड मात्र क्षणभर उघडलं, भीमानं कीचकाला मारून इथंच हात धुतले असं सांगतात, ती दरी पावसाळ्यात बघावी. गाविलगडाला दुपारी गेलो, १८०३ च्या डिसेंबरमध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं नागपूरच्या भोसल्यांकडून घेतलेला हा किल्ला, आत झाडी माजली आहे, बूट घालून जा, चपलेनं नको. बाबा दरवाज्यापर्यंतच आले. मुक्काम एक रात्र. सकाळी गवळ्यांकडची रबडी घेतली किलोभर, तिचं पुढं येते.

उतरताना जे झालं त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलो. सकाळी नऊला निघालो, डी मध्येच. हलका ब्रेक दाबत उतरायचं, वीज जमा होत जाते, दांड्या भराभर वर. पोरगा मोजत होता. इंजिन पूर्ण बंद, काच खाली, जंगलाचा वास, इतकं शांत की एका वळणावर रस्त्याच्या कडेचा मोर हलला पण नाही. पाचेक किलोमीटर झाले असतील, बॅटरी फुल. आणि एकदम इंजिन सुरू झालं, नुसतं सुरू नाही, भसाभस फिरायला लागलं, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना.

बाबा म्हणाले, "हा आवाज कायचा येऊन राहिला? उतारावर पेट्रोल जाळून राहिली का ही?"

पेट्रोल जळत नाही. बॅटरीत जागा उरली नाही की गाडी जास्तीची वीज वापरून इंजिन नुसतं फिरवते, त्यानंच गाडीला रोध मिळतो. हे मी त्यांना समजावलं आणि तिथंच चुकलो, कारण मग त्यांना हिशोब लागला. बॅटरी केवढी? मी म्हटलं ०.७६ युनिट. रबडीच्या पावतीच्या मागं त्यांनी पोराच्या पेननं लिहायला घेतलं. गाडी आणि आपण चौघं मिळून १६०० किलो धर, उतार ७०० मीटर, गुणिले ९.८, भागिले ३६ लाख, एका युनिटात तेवढे ज्यूल. तीन युनिट. टायर आणि वाऱ्यात एक गेला म्हण, उरले दोन. आणि ही पाऊण युनिटची बॅटरी, तीही पूर्ण वापरू देत नाही, म्हणजे आतमध्ये गेलं जेमतेम अर्धं. "दीड युनिट हवेत! लोड एवढा आणि ट्रान्सफॉर्मर एवढासा बसवला!" परतवाडा येईपर्यंत त्यांची हळहळ चालू होती, जसं काही कोणी आकडा टाकून वीज नेली.

पण हिशोब त्यांचा बरोबर आहे. हायब्रिडची बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी नाही, तांब्या आहे. भरभर भरते आणि भरभर रिकामी होते. म्हणून चौकाचौकात थांबत जाणाऱ्या शहरात ती सोनं, कारण तिथं तांब्याच पुरते. लांबच्या उतारावर ती भरून वाहून जाते. तेव्हा घाट उतरताना असं करा, सुरुवातीला डी मध्ये हलक्या ब्रेकनं बॅटरी भरू द्या, दोन दांड्या बाकी राहिल्या की गिअरचा दांडा बी वर, म्हणजे इंजिन ब्रेकिंगवर ओढा, म्हणजे इंजिनचा रोध आधीपासून लागते आणि ब्रेक तापत नाहीत. सगळा घाट नुसत्या ब्रेकवर उतरू नका. सपाटीला आलो की बी काढायला विसरू नका, मी आसेगावपर्यंत विसरलो होतो. आणि भरलेली बॅटरी घेऊन खाली आलात की परतवाड्याचा बाजार फुकटात पार होते, तेवढं समाधान.

परतीला धामणगाव रेल्वेला आत्याकडे जायचं होतं, त्यामुळे अमरावतीवरून चांदूर रेल्वे, धामणगाव आणि तिथून समृद्धी पकडून नागपूर. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे आणि मी ११५ ला क्रूझ लावली. इथं हायब्रिडचा काही म्हणजे काही उपयोग नाही. ना ब्रेक लागत, ना वीज तयार होत, इंजिन सतत चालू, वाऱ्याशी झगडा. १७ मिळालं. तीच गाडी अर्धा तास ९० वर चालवून बघितली तर आकडा चढायला लागला, पण समृद्धीवर ९० नं जाणं म्हणजे मागच्या सगळ्यांच्या शिव्या खाणं, डाव्या लेनमध्ये राहूनही. ज्यांचं महिन्याला दोनदा नागपूर-संभाजीनगर असं सरळ आणि वेगात जाणं आहे त्यांनी जास्तीचे पैसे देऊन हायब्रिड घ्यायच्या आधी दोनदा विचार करा. उन्हाळ्यात तर समृद्धीवर चढायच्या आधी टायर बघाच, ते काँक्रीट आणि तो वेग, दोन्ही मिळून वाईट.

सगळा प्रवास मिळून ४९० किमीच्या आसपास, टाकी फुल करून मोजलं तर २१ भरलं. ४५ लिटरची टाकी, एकाच टाकीत जाऊन आलो असतो पण बाबा होते म्हणून परतवाड्याला भरलीच.

डिक्कीचं राहिलं. बॅटरी डिक्कीच्या खाली असल्यामुळे साध्या मॉडेलला ३७३ लिटर जागा आहे तिथं हायब्रिडला २६५ च उरते. मोठी कडक सुटकेस एकच मावते, मऊ बॅगा घ्या, त्या कोपऱ्यात दाबता येतात. आम्ही एक सुटकेस आणि तीन पिशव्या कोंबल्या आणि सगळ्यात वर तो रबडीचा डबा ठेवला, स्टीलचा, झाकणाला रबर नसलेला. धामणगावला आत्याच्या दारात डिक्की उघडली तेव्हा तो आडवा होता. बाबांचा चेहरा पांढरा, "अरे खाली बॅटरी आहे ना बे!" आत काही गेलं नव्हतं, सगळी कार्पेटनंच पिऊन टाकली होती. आत्या म्हणाली, असू दे, आधी हे सांग चार्जिंगला कुठं लावतोस.

दोनदा शॅम्पूनं धुतलं, एकदा खायचा सोडा टाकून रात्रभर ठेवलं, उन्हात उघडी ठेवली. दुपारी गाडी तापली की अजून दुधाचा वास येते. कोणाकडे यावर खात्रीचा उपाय असेल तर सांगा.